फॅसिझम डावा की उजवा? भिवंडीच्या मागावर एक कसोटी

१/ फॅसिझम हे डाव्या विचारांचे अपत्य की उजव्या? मुसोलिनी मूळचा समाजवादी होता आणि हिटलरच्या पक्षाच्या नावात 'समाजवादी' व 'कामगार' हे दोन्ही शब्द होते, एवढ्यावर अनेक जण निकाल देऊन मोकळे होतात. महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता. 🧵

२/ १९२४ ते १९३५ या काळात 'केसरी'त इटली, मुसोलिनी आणि फॅसिझम यांवर वारंवार लेखन झाले. इतिहासकार मार्झिया कासोलारी यांच्या संशोधनानुसार, या लेखकांना दोन गोष्टी विशेष भावल्या: फॅसिझमचा समाजवादी उगम आणि मागासलेल्या इटलीचे बलाढ्य राष्ट्रात झालेले रूपांतर.

३/ १९ मार्च १९३१ रोजी डॉ. बा. शि. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले. मुलांना लष्करी शिस्त लावणारी 'बालिल्ला' संघटना त्यांनी पाहिली व डायरीत तिची प्रशंसा केली. पुढे १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभारले. या डायरीत भर आहे तो कवायतीवर. कारखान्यात काय घडले, ते अन्यत्र पाहावे लागते.

४/ उगमाची गोष्ट खोटी नाही. मुसोलिनी समाजवादी पक्षाच्या 'अवांती' या मुखपत्राचा संपादक होता. महायुद्धात उतरण्याची बाजू घेतल्यामुळे १९१४ मध्ये पक्षाने त्याला काढून टाकले. १९१९ मध्ये मिलानला त्याने नवी संघटना काढली. तिच्या पहिल्या जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस, किमान वेतन आणि स्त्रियांना मताधिकार या मागण्या होत्या.

५/ मात्र त्या वर्षीच्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. मग दिशा बदलली. १९२०-२१ मध्ये पो नदीच्या खोऱ्यात काळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांनी शेतमजुरांचे संघ मोडले आणि कामगारांची कार्यालये जाळली. पैसा पुरवण्यात मोठे जमीनदार पुढे होते.

६/ सत्ता आल्यावर कायदाही त्याच वाटेने गेला. एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला आणि प्रत्येक व्यवसायात सरकारमान्य अशी एकच कामगार संघटना उरली. टाळेबंदीवरही बंदी आली. पण उद्योगपतींचा स्वतःचा महासंघ टिकून राहिला. १९२७ मध्ये मजुरी कापली गेली, तेव्हा कामगाराच्या हाती संपाचे हत्यार उरले नव्हते.

७/ हे चित्र भिवंडीत आणून पाहावे. येथे व्यापारी सूत देतो, मागमालक ते विणून देतो आणि कामगाराला विणलेल्या कापडाच्या हिशेबाने मजुरी मिळते. डावा पक्ष या साखळीत कामगाराचे बळ वाढवू पाहील किंवा मालकीलाच हात घालील. १९२६ चा इटालियन कायदा येथे लागू झाला असता, तर माग, सूत आणि नफा यांची मालकी जिथल्या तिथे राहिली असती. कामगाराची युनियन तेवढी नाहीशी झाली असती.

८/ भिवंडीपासून जवळच, मुंबईत, १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. परकीय सरकार दडपशाही करणारे होते. पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात त्यांच्या नेत्यांना अटक झाली. तरीही तो संप होऊ शकला. 'राष्ट्राच्या उत्थाना'साठी झटणाऱ्या स्वतंत्र इटलीत तेव्हा असा संप बेकायदा होता.

९/ जर्मनीतही तेच. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने ४४४ आणि विरोधात ९४ मते पडली. ती सर्व ९४ मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते. उजव्या आणि मध्यममार्गी पक्षांनी बाजूने मत दिले. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली.

१०/ आक्षेप: इटलीत १९३३ नंतर अनेक बँका आणि उद्योग सरकारी मालकीचे झाले, मग हा समाजवाद नव्हे का? ही पावले मंदीत बुडणाऱ्या बँका वाचवण्यासाठी उचलली गेली. कारभारात कामगाराला अधिकार मिळाला नाही. दुसरा आक्षेप स्टालिनचा. डाव्यांचीही हुकूमशाही असते, हे खरेच. म्हणूनच केवळ हुकूमशाहीवरून डावे-उजवे ठरत नाही.

११/ फॅसिझम जुन्या राजेशाहीवादी उजव्यांहून वेगळा होता, हेही मान्य करावे लागते. गणवेश, मोर्चे, प्रचंड सभा आणि सामान्य माणसाला रस्त्यावर आणण्याची कला यांतले बरेच त्याने डाव्यांकडून उचलले. पण १९३२ मध्ये फॅसिझमचे तत्त्वज्ञान मांडताना खुद्द मुसोलिनीने विसावे शतक 'उजव्यांचे' असेल, असे भाकीत केले.

१२/ याचा अर्थ प्रत्येक उजवा माणूस फॅसिस्ट असतो, असा नाही; तो शब्द शिवीसारखा वापरला की त्याची धार जाते. अर्थ एवढाच, की चळवळीचे मूल्यमापन तिच्या नावावरून वा नेत्याच्या तरुणपणावरून करू नये. तिने कोणाची संघटना मोडली आणि कोणाची मालकी राखली, हे पाहावे. शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक मराठी वाचकांना कवायत दिसली. मागावर उभा असलेला माणूस त्या चित्रात नव्हता.