‘रत्नम’ : एका स्वदेशी पेनचा उगम आणि एका पत्राची साक्ष

१/ त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आपल्या परिचयाची. समुद्राला मिळण्यापूर्वी ती आंध्रातील राजमहेंद्रीवरून वाहते. त्या शहरात १९३२ मध्ये के. व्ही. रत्नम यांनी फाउंटन पेन घडवण्यास आरंभ केला. या पेनच्या उगमाचा माग काढू लागलो की वाट थेट वर्ध्याला येते. (थ्रेड)

२/ आधी पार्श्वभूमी. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांना फाउंटन पेनचे पेटंट मिळाले. पुढे परदेशी पेने हिंदुस्थानच्या बाजारात आली आणि सुशिक्षितांच्या खिशाला लागली. परदेशी कापडाची होळी झाली. परंतु स्वदेशीचा पुरस्कार करणारे लेख अनेकदा परदेशी पेननेच लिहिले जात.

३/ रत्नम कुटुंबाची परंपरा सांगते की, १९२१ मध्ये वर्ध्याला रत्नम गांधीजींना भेटले. टाचणीपासून लेखणीपर्यंत लोकांच्या उपयोगाचे काहीतरी देशातच घडवा, असा सल्ला त्यांना मिळाला.

४/ सल्ला सोपा, काम अवघड. पेनची दांडी आणि टोपण एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे. ते लेथवर कातून, घासून, चकाकी देऊन घडवता येते. शाई ड्रॉपरने थेट दांडीतच भरायची.

५/ खरी कसोटी निबची. निबला केसाएवढी बारीक चीर हवी आणि टोक झिजणार नाही इतके कठीण हवे. निबखालच्या फीडमधून शाई खाली उतरली पाहिजे आणि तेवढीच हवा वर गेली पाहिजे. हे संतुलन बिघडले की पेन एक तर गळते, नाही तर कोरडे पडते.

६/ म्हणूनच परंपरेतील पुढचा भाग अर्थपूर्ण आहे. गांधीजींकडे पाठवलेले पहिले पेन, काही भाग परदेशी असल्यामुळे, त्यांनी स्वीकारले नाही असे सांगतात. प्रश्न असा : जुळणी देशात झाली म्हणजे वस्तू स्वदेशी ठरते काय?

७/ डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. रत्नम यांचे पेन गांधीजींच्या हाती पोहोचले ते कुमारप्पांमार्फत.

८/ १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिले. पेनबद्दल आभार, आपण ते वापरून पाहिले, बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्याचा आशय.

९/ येथे दोन साधने वेगळी ठेवावीत. १९२१ ची भेट आणि नाकारलेले पेन ही कुटुंबाने जपलेली स्मृती. १९३५ चे पत्र हा समकालीन दस्तऐवज. स्मृती खोटी मानण्याचे कारण नाही. पण दोन्ही एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

१०/ पत्रातला सूरही पाहा. त्यात स्तुतिसुमने नाहीत. गांधीजी बोरूचे पुरस्कर्ते होते. त्यामुळे ‘पर्याय’ हा शब्द मला मोलाचा वाटतो : फाउंटन पेन सर्वांनी वापरावे असे ते म्हणत नाहीत, ज्यांना ते लागतेच, त्यांच्यासाठी देशी पेन आहे, एवढेच सुचवतात.

११/ ब्रँडचा इतिहास बहुधा जाहिरातीतून आपल्यापर्यंत येतो आणि जाहिरात नेहमी थोरांची नावे पुढे करते. रत्नमच्या बाबतीत थोरांचे पत्र खरेच आहे. तरीही त्या पत्राआधी लेथवर वाकून एबोनाइट कातणारे हात होते. इतिहास लिहिताना त्यांचीही नोंद व्हायला हवी.