एलएसडीमुळे गुणसूत्रं तुटतात का?

"डॉक्टर, कॉलेजात असताना दोन-तीनदा एलएसडी घेतलं होतं. आता मूल हवंय. बाळात काही दोष येईल का?" हा प्रश्न बहुधा दबक्या आवाजातच येतो. त्यामागच्या भीतीला एक जन्मतारीख आहे: मार्च १९६७.

त्या महिन्यात अमेरिकेतल्या बफेलोच्या मेमन कोहेन आणि सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स' साप्ताहिकात आला. दोन निरोगी व्यक्तींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवून त्यात एलएसडी मिसळलं, तेव्हा गुणसूत्रं नेहमीपेक्षा जास्त तुटलेली दिसली. जोडीला एक मनोरुग्ण. त्याला उपचार म्हणून अनेकदा एलएसडी दिलं होतं आणि त्याच्याही पेशींत तुटफूट आढळली. आता हे पाहा: रुग्ण एकच, आणि त्याला इतर औषधंही दिलेली! पण हिप्पींचा तो काळ. वर्तमानपत्रांना व्यंग असलेल्या बाळांच्या बातम्या हव्याच होत्या.

काचपात्रातली पेशी एकटी असते. शरीरात यकृत औषधाचं विघटन करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं; तिथे यातलं काहीच नाही. अशा पात्रात कॅफिननेही गुणसूत्रं तुटतात. गोवर झालेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशींतही तुटलेली गुणसूत्रं सापडली आहेत. शिवाय पांढऱ्या पेशी बाळाकडे जात नाहीत; जातात ते बीजांड आणि शुक्राणू.

१९७१ मध्ये डिशॉट्स्की आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ६८ अभ्यास व अहवाल एकत्र तपासले. शुद्ध एलएसडी दिलेल्या १२६ जणांपैकी १८ जणांत गुणसूत्रांतले दोष वाढलेले होते. चोरट्या बाजारातला माल घेणाऱ्या १८४ पैकी तब्बल ९० जणांत. म्हणजे बोट एलएसडीपेक्षा त्या मालाकडे, सोबत घेतलेल्या इतर नशांकडे आणि एकूणच ढासळलेल्या प्रकृतीकडे वळत होतं. माफक मात्रेतलं शुद्ध एलएसडी माणसाच्या शरीरात गुणसूत्रं तोडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. (मनावरचे परिणाम हा वेगळा विषय, ते हलके समजू नका.)

म्हणून त्या जोडप्याला मी सांगतो, जुन्या दोन-तीन वेळांची धास्ती घेऊ नका. गरोदरपणात मात्र एलएसडीला स्पष्ट नकार. ते अर्गट या बुरशीतल्या द्रव्यापासून बनतं, आणि त्याच कुळातलं अर्गोमेट्रिन आम्ही बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून देतो.