कावा: पॅसिफिक बेटांचे जुने पेय आणि किशोरवयीन मुलांसाठी त्यातले धोके

'कावा' हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. काश्मिरी कहवा बहुतेकांनी प्यायलेला असतो. मुंबईच्या भेंडी बाजारात, मोहम्मद अली रोडच्या बाजूला रात्री उशिरा सायकलवर मिळणारा गरम, सुंठ-मिरीचा कावाही अनेकांच्या ओळखीचा आहे. तिसरा म्हणजे गनिमी कावा, तो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला. या लेखातला कावा या तिन्हींपैकी नाही. तो पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या एका झुडपाच्या मुळांपासून बनतो. अरबी 'कहवा' म्हणजे कॉफी, तिच्याशी त्याचे नावापुरतेही नाते नाही, फक्त उच्चार जुळतो. हा खुलासा आधीच करतो, कारण मुलाने 'कावा मागवलाय' म्हटले आणि अम्मीला वाटले केशर-बदामाचा चहा येतोय, असे सहज होऊ शकते. आता ऑनलाइन दुकानांत पावडर, कॅप्सूल, चहाच्या पिशव्या आणि छोट्या बाटल्या अशा सगळ्या रूपांत हा कावा विकला जातो, आणि पाकिटावर 'नैसर्गिक', 'अल्कोहोलमुक्त', 'टेन्शन घालवणारे' असे लिहिलेले असते.

झुडपाचे शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम. यातले 'पायपर' म्हणजे काळी मिरी आणि विड्याचे पान ज्या कुळातले तेच. म्हणजे आपल्या पानाच्या डब्यातल्या नागवेलीचा हा दूरचा चुलतभाऊच म्हणायचा. 'मेथिस्टिकम' हा शब्द ग्रीक भाषेतून आला, त्याचा अर्थ धुंदी आणणारा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत (1772 ते 1775) जहाजावर असलेल्या गेऑर्ग फोर्स्टर या निसर्ग अभ्यासकाने हे नाव दिले. नावातच सगळे आले. या झुडपाला बी धरत नाही, माणसानेच खोडाची कांडी लावून ते वाढवायचे. व्हानुआतू बेटांवर त्याची लागवड सुरू झाली आणि होड्यांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ते पोहोचले, असे वनस्पतीशास्त्रज्ञ मानतात. लावल्यावर तीन ते पाच वर्षांनी मुळे काढण्याजोगी होतात.

बेटागणिक नाव बदलते. फिजीत यांगोना, सामोआत आवा, हवाईत आव्हा, पोनपेई बेटावर सकाऊ. टोंगा आणि व्हानुआतूत कावाच म्हणतात.

फिजीतली रीत सगळ्यात जास्त सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. परक्या गावात जाणारा पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. वाळलेल्या मुळांची जुडी घेऊन तो गावच्या प्रमुखासमोर बसतो आणि ती पुढे ठेवतो. याला सेवुसेवु म्हणतात. जुडी स्वीकारली म्हणजे पाहुण्याला गावात राहण्याची, फिरण्याची परवानगी मिळाली. मग मुळे कुटतात, ती भुकटी कापडात बांधून थंड पाण्यात मळतात आणि तानोआ नावाच्या मोठ्या लाकडी परातीसारख्या भांड्यात गढूळ, मातकट रंगाचे पाणी तयार होते. नारळाच्या करवंटीतून ते पहिल्यांदा प्रमुखाला, मग मानाप्रमाणे इतरांना देतात. करवंटी घेण्याआधी एकदा टाळी, एका दमात पिऊन परत दिल्यावर तीनदा टाळी. चव कडवट, जीभ आणि ओठ थोडा वेळ बधिर होतात. गोड लागावे म्हणून कुणी पीत नाही, एवढे नक्की.

टोंगात राजाच्या राज्यारोहणाशी कावाचा विधी जोडलेला आहे. 2015 मध्ये राजा तुपोऊ सहावा यांच्या राज्याभिषेकाच्या वेळीही तो झाला. व्हानुआतूत नाकामाल नावाच्या जागी संध्याकाळी पुरुष जमतात. तिथे ताज्या, हिरव्या मुळांचा कावा बनतो आणि तो फिजीतल्या वाळलेल्या पावडरीपेक्षा बराच तीव्र असतो. तान्ना बेटावर मुले मुळे चावून देत आणि मोठे पीत. चावणाऱ्याला स्वतः पिण्याची परवानगी नसे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी कित्येक बेटांवर कावा बंद पाडला होता. 1980 मध्ये व्हानुआतू स्वतंत्र झाल्यावर आपली ओळख म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

या सगळ्या चालीरीतींत आमच्या मते एक गोष्ट महत्त्वाची आहे. कोण पिणार, कधी, किती, कोणाच्या समोर, हे सगळे ठरलेले होते. लहान मुले आणि पोरसवदा तरुण भांडे धुणार, मुळे कुटणार, वाटणार, पण करवंटी त्यांच्या वाट्याला उशिरा येणार. तरुणाला कावा मिळणे म्हणजे तो मोठ्यांच्या पंगतीत बसण्यालायक झाला, असा त्याचा अर्थ. म्हणून 'तिथे तर हजारो वर्षे पितात, काही होत नाही' हे वाक्य मुलाने गुगलवरून आणले तर त्याला सांगावे लागेल की बाबा, तिथेसुद्धा तुझ्या वयाच्या पोराला सहजासहजी देत नव्हते.

आपल्याशी नाते कुठे जुळते?

1879 ते 1916 या काळात ब्रिटिशांनी सुमारे साठ हजार भारतीयांना गिरमिट करारावर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले. त्यांत मुसलमानही होते. आज फिजीच्या लोकसंख्येत साधारण सहा टक्के मुस्लिम आहेत आणि त्यांतले बहुतेक याच गिरमिटियांचे वंशज. या भारतीय कुटुंबांनीही कावा उचलला. ते त्याला 'ग्रॉग' म्हणतात. लग्न, मयत, शनिवारची बैठक, कुठेही ग्रॉगचे भांडे असते. तिथल्या मुस्लिम घरांतही ग्रॉग पिणारे आहेत आणि त्याला हराम समजून लांब राहणारेही आहेत.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांची गाठ इथेच पडते. ऑकलंडच्या मशिदींत फिजीहून आलेल्या भारतीय मुस्लिमांची मोठी संख्या आहे. शिवाय त्या शहरात टोंगा-सामोआचे लोक भरपूर. किराणा दुकानात कावाची पावडर मिळते. आपला मुलगा दारूपासून दूर राहतो म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि कोणीतरी त्याला म्हणते, "अरे, ही दारू थोडीच आहे, आपले मौलवीसाहेबही बघ कसे बसलेत." मग नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

हलाल की हराम, याचा फतवा आम्ही देणार नाही, ते आमचे काम नव्हे. नशा आणणारी वस्तू थोडी घेतली तरी वर्ज्य, हे तत्त्व वाचकांना माहीत आहे. कावाने येणारी सुस्ती त्या व्याख्येत बसते का, यावर सगळ्यांचे एकमत नाही. जाता जाता आठवण करून देतो, 1511 मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफीवरही बंदी घातली होती, आणि ती पुढे कैरोतून उठवली गेली. पण कॉफीचे उदाहरण देऊन कावा निर्दोष ठरत नाही. कॉफी माणसाला जागे करते, कावा त्याचे हातपाय ढिले करतो. आपल्या आलिमांना विचारताना नुसते 'हर्बल चहा' असे सांगू नका, खाली लिहिलेला परिणामही सांगा.

शरीरात काय होते?

मुळांत कावालॅक्टोन नावाची द्रव्ये असतात, त्यांतली सहा मुख्य. वाळलेल्या मुळात त्यांचे प्रमाण झाडाच्या जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे साधारण 3 ते 20 टक्के, म्हणजे फरक सहा-सात पट. एका पाकिटातला चमचा आणि दुसऱ्या पाकिटातला चमचा सारखा नसतो तो यामुळे. ही द्रव्ये मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतात, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या जिथे काम करतात त्याच भागात. थोडे घेतले तर स्नायू सैलावतात, मन निवांत होते. जास्त घेतले तर पाय लटपटतात, डोळे जड होतात, मळमळते, झोप येते. दारूसारखा आरडाओरडा, मारामारी नसते. घरच्यांच्या लक्षात येत नाही ते याच कारणाने.

झाडाच्या दोन गटांत फरक करावा लागतो. रोजच्या पिण्याच्या जातींना व्यापारात 'नोबल' म्हणतात. दुसऱ्या 'टुडे', म्हणजे ज्यांचा अंमल दोन दिवस राहतो त्या. व्हानुआतूने 2002 च्या कायद्याने फक्त नोबल जातीच निर्यात करायच्या असे ठरवले. पण इंटरनेटवरच्या पाकिटात नेमकी कोणती जात आहे, मूळ आहे की स्वस्तातली खोडाची साल मिसळली आहे, हे घरी बसून कोणाला कळणार?

2002 मध्ये जर्मनीने कावाची औषधे बाजारातून काढली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यकृताच्या धोक्याचा इशारा दिला. ब्रिटनमध्ये 2003 पासून विक्रीवर बंदी आहे. कारण होते यकृताला झालेली गंभीर इजा. काही रुग्णांना यकृत बदलावे लागले, काही दगावले. हे रुग्ण बहुतेक करून गोळ्या-कॅप्सूलमधला अर्क घेणारे होते, परातीतला पारंपरिक कावा पिणारे नव्हते. अर्क काढण्याची पद्धत, चुकीचा भाग किंवा जात, सोबत घेतलेली इतर औषधे, दारू, माणसाच्या शरीराची ठेवण, अशी अनेक कारणे पुढे आली, एकच असे ठरले नाही. 2014 मध्ये जर्मन न्यायालयाने बंदी चुकीची ठरवली, तरी वाद संपला नाही. अशी इजा क्वचित होते हे खरे आहे. पण ज्याला होते त्याला आधी कळत नाही.

रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडते, खवल्यांसारखी सुटते. सोडल्यावर ती बरी होते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधले उदाहरण आम्हाला सगळ्यात बोलके वाटते. तिथल्या आदिवासी वस्त्यांत कावा कधीच नव्हता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दारूला पर्याय म्हणून तो फिजीतून आणला गेला. हेतू चांगला होता. पण सोबत रीत आली नाही, नुसती पावडर आली. ना प्रमुख, ना टाळ्या, ना मानाची ओळ. लोक बेटांवरच्यापेक्षा कितीतरी जास्त पिऊ लागले. वजन घटले, यकृताच्या तपासण्या बिघडल्या, घरचा पैसा पावडरीत गेला. पुढे 1998 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीला खास कायदा करावा लागला आणि 2007 मध्ये देशात कावा आणण्यावरच कडक निर्बंध आले. 2021 च्या अखेरीस अन्न म्हणून आयात पुन्हा खुली झाली.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे वेगळे काय?

पहिले म्हणजे, कावावरचे बहुतेक अभ्यास प्रौढांवर झालेले आहेत. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'इतके चालेल' असे कोणतेही सिद्ध प्रमाण नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि निर्णय घेणारा, आवर घालणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. त्या वयात चिंता आली की काहीतरी पिऊन ती घालवायची, ही सवय लागली तर ती कावापुरती राहत नाही. परीक्षेच्या आधी झोप येत नाही म्हणून मूल असले काही शोधत असेल, तर खरी दुखणी परीक्षा, एकटेपणा, मोबाइल, घरातली भांडणे ही आहेत. आमच्या मते पाकीट फेकण्याआधी त्याच्याशी बोलणे जास्त गरजेचे आहे.

दुसरे, मिश्रण. तापासाठी घरात पॅरासिटामॉल असतेच, तिचाही भार यकृतावर. टीबीची औषधे, मिरगीच्या गोळ्या, डिप्रेशनच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर कावा नकोच. अमेरिकेत छोट्या बाटल्यांतून कावा आणि क्रॅटम एकत्र विकले जाते. क्रॅटम हे आग्नेय आशियातल्या झाडाचे पान, ते अफूसारख्या द्रव्यांच्या जागी काम करते आणि त्याचे व्यसन लागते. मुलाला वाटते आपण कावा प्यायलो, सवय लागते दुसऱ्याचीच. तिकडे शिकणाऱ्या मुलांना हे फोनवर स्पष्ट सांगा, फ्लोरिडासारख्या राज्यात कावा बार गल्लोगल्ली आहेत आणि तिथे क्रॅटमही विकतात.

तिसरे, गाडी. फिजीत रस्ते अपघातांवर झालेल्या एका अभ्यासात कावा पिऊन गाडी चालवणाऱ्यांना अपघाताचा धोका सुमारे चार पट आढळला. तोंडाला वास नाही, पोलिसांच्या नळीत फुंकले तरी काही दिसत नाही. आणि आपली पोरे तर लायसन्स नसताना स्कूटी काढतात.

मुलाने घेतले आहे असे कळले आणि डोळे किंवा लघवी पिवळी-गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, अन्न नकोसे झाले, अंगाला खाज सुटली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि यकृताची तपासणी करून घ्या. मूल खूप झोपाळलेले असेल, हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल तर थेट दवाखान्याच्या तातडीच्या विभागात. जाताना पाकीट, बाटली, राहिलेली पावडर जे असेल ते सोबत न्या आणि डॉक्टरांना 'कावा' एवढेच न सांगता 'पायपर मेथिस्टिकम' हे नाव सांगा, नाहीतर तेही काश्मिरी चहाच समजतील. हेच नाव होमिओपॅथीच्या बाटलीवरही असू शकते, तेही लपवू नका.