ओझे सुतळीने घ्यावे

दिवाळीच्या आदल्या दिवशी आकाशकंदील टांगण्याचे काम आमच्या घरी वडिलांकडे असे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, आणि आत विजेचा दिवा. एके वर्षी वडिलांना यायला उशीर झाला, तेव्हा मी घाईघाईने तो कंदील विजेच्या वायरलाच लोंबता सोडला. वडिलांनी आल्या आल्या तो उतरवला आणि म्हणाले, “अरे, वायरचे काम उजेड नेण्याचे. ओझे सुतळीने घ्यावे.” मग त्यांनी सुतळी ताणून बांधली, कंदील तिला अडकवला आणि वायर कडेने सैल सोडून दिली.

पुढे सारा जन्म मी टेलिफोनच्या केबली सांधण्याची नोकरी केली. त्या विद्येचे सार वडिलांच्या त्या एका वाक्यात होते. पण ते उमगायला माझ्या हातचा एक सांधा तुटावा लागला. ती हकीकत ओघाने येईलच. आधी आमच्या धंद्यातील पूर्वजांची कथा ऐका.

१८५७ साली आयर्लंडहून अमेरिकेकडे अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकावयास जहाजे निघाली. केबल जहाजावरून फार वेगाने सुटू नये म्हणून यंत्राला ब्रेक होता. ऑगस्टच्या ११ तारखेस तो जरा जास्त आवळला गेला, आणि केबल तुटून दोन हजार वावांहून अधिक खोल पाण्यात गडप झाली. मोहीम त्या वर्षापुरती संपली!

पुढच्या वर्षी बेत बदलला. ‘अॅगमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ या दोन जहाजांनी अर्धी अर्धी केबल घेऊन भर समुद्रात भेटावे, तेथे सांधा करावा आणि मग दोन दिशांना निघावे. परंतु येथे एक गंमत झाली होती. केबल दोन निरनिराळ्या कारखान्यांत तयार झाली होती. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे वेष्टन आणि त्यावर लोखंडी तारांचा पीळ. एका कारखान्याने पीळ उजवा दिला, दुसऱ्याने डावा! उलटसुलट पिळाच्या दोन दोऱ्या एकमेकींना बांधून ओढून पाहा; दोन्ही उलगडू लागतात. तसेच येथे होणार होते. अखेर सांध्यासाठी लाकडाची एक चौकट बसवली. पीळ तिने धरून ठेवला, आणि आतली नाजूक तार निर्धास्त राहिली.

२९ जुलै १८५८ रोजी तो सांधा झाला.  सांधा पाण्यात सोडताना त्याला बांधलेले शिसे गळून पडले, तेव्हा बत्तीस पौंडांचा तोफेचा गोळा बांधून वेळ भागवली. ५ ऑगस्टला दोन्ही टोके किनाऱ्याला लागली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचावयास सुमारे सोळा तास लागले, तरी लोकांनी जल्लोष केला. महिनाभरातच ती केबल मुकी झाली. पण दोष त्या लाकडी सांध्याचा नव्हता. वेष्टन कच्चे होते, आणि त्यावर विजेचा भलताच दाब दिला गेला.

१८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावरून टाकलेली केबलही वाटेत तुटली. १८६६ मध्ये त्याच जहाजाने नवी केबल पार नेली आणि मग जुनीचे टोक शोधावयास ते माघारी आले. दोन मैलांहून अधिक खोलीवरून केबल वर ओढली की स्वतःच्याच भाराने ती तुटे. तेव्हा ‘मेडवे’ या जहाजाने काही अंतरावर तीच केबल गळाने उचलून मुद्दाम तोडली. त्या बाजूचा ताण उतरला, तेव्हा कुठे टोक ‘ग्रेट ईस्टर्न’च्या हाती लागले. सांधा झाला आणि ८ सप्टेंबरला ही केबलही पलीकडे पोहोचली.

हेच जहाज १८७० साली आपल्या मुंबईस आले. उन्हाचा ताप केबलीला बाधू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली, आणि जूनमध्ये मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली.

आता तांब्याच्या जागी काच आली आहे. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी काचेच्या तंतूतून प्रकाश दूरवर संदेश नेऊ शकेल असे मांडले. १९७० मध्ये अमेरिकेत तसा तंतू प्रत्यक्ष तयार झाला आणि १९८८ मध्ये अशी पहिली केबल अटलांटिक ओलांडून गेली. तंतूची जाडी किती, तर मिलिमीटरचा आठवा भाग! दोन टोके सरळ कापून, समोरासमोर धरून, विजेच्या ठिणगीने वितळवून ती जोडायची. जोड प्रकाशाला कळतसुद्धा नाही. पण वरचे संरक्षक आवरण तेथे काढलेले असल्यामुळे केबलीतली सर्वांत हळवी जागा तीच. म्हणून तिच्यावर आत पोलादी काडी असलेली नळी तापवून आकसवायची, तंतूचे सैल वेढे ट्रेमध्ये ठेवायचे, आणि केबलीच्या पोटातली टणक काडी सांध्याच्या पेटीला क्लॅम्पने घट्ट आवळायची. ओढ बसलीच तर ती काडीने आणि पेटीने सोसायची.

कोकणातल्या एका घाटरस्त्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, तो क्लॅम्प आवळायचा मी विसरलो. मीटरवर सांधा उत्तम दिसला. काचेचे हेच कपट आहे. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. सतत ताण आणि ओलावा मिळाला की ते गुपचूप वाढत जातात. दोन वर्षांनी एका पावसाळी रात्री माती जराशी सरकली आणि तंतू तुटले. त्याच रात्री पलीकडच्या गावात एक बाई अडली होती. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लागेना. तिचा दीर पावसात दहा किलोमीटर सायकलीवर गेला. बाई आणि मूल दोघेही वाचली, हे माझे भाग्य. कर्तृत्व त्या दिराचे. सकाळी पेटी उघडली तेव्हा तो सैल क्लॅम्प पाहून माझे हात थरथरू लागले. त्या दिवसापासून पेटी मिटण्यापूर्वी मी क्लॅम्प दोनदा तपासू लागलो.

आता कंदील नातू टांगतो. मी खाली शिडी धरून उभा असतो आणि एवढेच विचारतो, “बाळ, सुतळी आधी बांधलीस ना?”