कन्येचा सहदायिकी हक्क

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः मिळणारा हिस्सा. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, 2005 ने हा हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून लागू केला. त्याचा पूर्ण आवाका मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालानंतरच ठरला.

हिंदू कायद्याच्या मिताक्षरा या पारंपरिक पद्धतीत मुलगा, नातू व पणतू एवढेच सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, असत. 1956 च्या मूळ अधिनियमाने मुलीला वडिलांची वारस केले, सहदायाद केले नाही. आई आधीच वारलेली, मागे दोन मुलगे व एक मुलगी, असे घर घेतले तर वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मालमत्तेचे तीन भाग मानले जात. मुलग्यांना एकेक भाग मिळे आणि वडिलांचा एक तृतीयांश तिघांत वाटला जाई. मुलीच्या हाती उरे एक नवमांश. 2005 नंतर त्याच घरात तिचा हिस्सा एक तृतीयांश होतो. राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला अडवणारे कलम 23 त्याच वेळी वगळले गेले.

काही राज्ये केंद्राच्या पुढे होती. आंध्र प्रदेशाने 1980 च्या दशकातच मुलीला सहदायाद केले. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तेच केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राच्या सुधारणेत लग्नाची अट नाही. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलगा-मुलगी आधीपासून समान वारस होते.

पंधरा वर्षे वाद चालला तो एकाच प्रश्नावर: सुधारणेच्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? फुलावती प्रकरणात (2015) सर्वोच्च न्यायालयाने ‘हवेत’ असे म्हटले. दानम्मा प्रकरणात (2018) 2001 साली वारलेल्या वडिलांच्या मुलींनाही हिस्सा दिला. दोन्ही निकाल दोन न्यायाधीशांचे होते, त्यामुळे खालच्या न्यायालयांपुढे पेच पडला. विनीता शर्मा निकालात न्या. अरुण मिश्रा यांच्या नेतृत्वाखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो सोडवला. हक्क जन्माने येतो, म्हणून वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा वाटणीचा हुकूमनामा मात्र अबाधित राहतो. ‘तोंडी वाटणी कधीच झाली’ हा भावांचा नेहमीचा बचाव या निकालाने जवळजवळ संपवला. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच तो अपवाद म्हणून ऐकला जातो. निकालाचा हा भाग प्रत्यक्ष दाव्यांत सर्वांत मोलाचा ठरला आहे.

एक गैरसमज वारंवार दिसतो. आजोबांची प्रत्येक मालमत्ता वडिलोपार्जित नसते. आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत 1956 नंतर कलम 8 नुसार वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते (चंदर सेन प्रकरण, 1986). तिच्यात मुलांना जन्मतः हक्क नसतो आणि वडील तिचे मृत्युपत्र करू शकतात. दावा लावण्यापूर्वी जुने फेरफार काढून मालमत्तेचा हा उगम तपासावा लागतो.

सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. महसुली नोंद मालकी ठरवत नाही. हक्क जातो तो सहसा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. वडिलांचे दिवस होतात न होतात तोच बहिणींपुढे कागद ठेवला जातो, आणि माहेर तुटू नये म्हणून सही होते. कायद्याला स्वेच्छेने केलेली सही मान्य आहे. फसवणूक वा दबाव सिद्ध करण्याचा भार मात्र तिच्यावर येतो, आणि तो फार जड असतो. सही करण्याआधी आपला हिस्सा किती, हे तिला कोणी सांगतच नाही. खरा अन्याय इथे आहे.

दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा दोन टप्प्यांत चालतो: प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात, अंतिम हुकूमनाम्यात प्रत्यक्ष वाटप होते. शेतसारा आकारलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वाटली जाते. अंतिम हुकूमनाम्यापूर्वी कायदा बदलला तर हिस्से सुधारता येतात, हे गंडुरी कोटेश्वरम्मा प्रकरणाने (2011) स्पष्ट केले. दोन टप्प्यांमध्ये दावे वर्षानुवर्षे अडकत. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर वेगळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयाने स्वतःच पुढची कार्यवाही सुरू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले.

अनुसूचित जमातींना हा अधिनियम कलम 2(2) मुळे लागू नाही. जुलै 2025 मध्ये राम चरण प्रकरणात, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना, सर्वोच्च न्यायालयाने गोंड स्त्रीच्या वारसांना आजोबांच्या मालमत्तेत समान वाटा दिला, तो समतेच्या घटनात्मक तत्त्वावर. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील आदिवासी मुलीला मात्र अजून असा कायदा नाही. तिला दर वेळी न्यायालयातच जावे लागते.