एका भट्टीची अनेक लेकरे

आमच्या गावातील लोहाराचा मुलगा माझा विद्यार्थी. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "गुरुजी, विळ्या-खुरप्यांवर आता घर चालत नाही. बाजारात तयार माल स्वस्त मिळतो. भट्टी विझवून साड्यांचे दुकान टाकावे म्हणतो."

तीन पिढ्या पेटत आलेली ती भट्टी! मला एकदम हो म्हणवेना की नाही म्हणवेना. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. व्यापारातले मला काय कळणार? पण इतिहास शिकवतो. म्हणून त्याला बसवून घेतले आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिकत सांगितली.

लक्ष्मणरावही मूळचे मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे भावाबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. परंतु दुसऱ्याने केलेला माल विकण्यात त्यांचे मन रमेना. आपण काहीतरी घडवावे, ही ओढ होती. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला.

नांगर झाला खरा, पण घेतो कोण? लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्याला भीती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

पुढे नांगर खपू लागला, पण त्यातही एक मेख होती. चांगला नांगर वर्षानुवर्षे टिकतो. एकदा घेतला की शेतकरी पुन्हा दुकानाकडे फिरकत नाही. पाऊस दडी मारून बसला, तर त्या साली नवे गिऱ्हाइकही नाही. एकाच वस्तूवर विसंबलेला कारखाना असा आभाळाकडे डोळे लावून बसतो.

यावर किर्लोस्करांनी काय केले? गिऱ्हाईक सोडले नाही. त्याच्या मागोमाग शिवारभर हिंडले म्हणा ना! गोठ्यात कडबा कापण्याचे यंत्र होतेच. उसाच्या फडाशी चरक आला. १९२६ साली विहिरीसाठी पंप तयार झाला. पंप फिरवायला इंजिन हवे, विजेची मोटर हवी. १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांची अशा दोन स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्याआधी १९४१ साली हरिहरला यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचाही कारखाना उभा राहिला होता. लक्ष्मणराव १९५६ साली वारले, तेव्हा एका नांगराचे असे गोत झाले होते.

वस्तू पुष्कळ झाल्या, पण मूळ एकच राहिले. नांगर ओतताना जो हात तयार झाला, तोच पंपाच्या कामी आला. नांगराने मिळवलेला विश्वास पंपालाही लाभला. दहा ठिकाणी हात घालणे वेगळे आणि एका खोडाला दहा फांद्या फुटणे वेगळे. पहिल्यात दरवेळी नव्याने शिकावे लागते. दुसऱ्यात जुने शिकलेले पुन्हा उपयोगी पडते.

"मग मी काय करू?" मुलाने विचारले.

मी म्हटले, "अरे, साड्यांतले तुला काय ठाऊक आहे? विळ्याला धार लावायला जे येतात, त्यांनाच विचार, आणखी काय अडते म्हणून."

यंदा खंडेनवमीला त्याच्याकडे गेलो होतो. भट्टी पेटलेली होती. विळे-खुरपी होतीच; शेजारी ट्रॅक्टरच्या नांगराचे झिजलेले फाळ दुरुस्तीला आले होते, आणि कोणाच्या तरी गोठ्याचे लोखंडी फाटक भिंतीला टेकवून ठेवले होते. म्हातारा बाप भट्टीपाशी बसून फाळ तापवीत होता. मला पाहून तो म्हणाला, "मास्तर, बसा. आज हातात काम आहे."

दिवाळीला याहून वेगळा फराळ मला नको.