आभाळाचे धनी

ज्यांना आपण शान म्हणतो, ते स्वतःला ‘ताइ’ म्हणवितात; शान हे ब्रह्मी लोकांनी दिलेले नाव. मला मोह पडतो तो त्यांच्या संस्थानिकांच्या पदवीचा : ‘साओफा’, म्हणजे आभाळाचा धनी! याच ताइंपैकी सुकाफा १२२८ मध्ये डोंगर ओलांडून आसामात उतरला. आहोमांचे सहाशे वर्षांचे राज्य त्याचेच.

मागे राहिलेल्यांचे नशीब निराळे. फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँगच्या करारावर साओफांनी सह्या केल्या. दहा वर्षांनी हवे तर फुटून निघावे, असा हक्कही घटनेत आला. (कागदावर काय येत नाही!) साओफा साओ श्वे थाइक ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, त्या रात्री त्यांचा मुलगा गोळीला बळी पडला. ते स्वतः त्याच वर्षी तुरुंगात वारले.